पंप कुठे भरतात ते आधी बघ

चि. सागर,

फवारणीच्या मजुरांना शिकवायचं काम तुझ्याकडे आलं, हे ताईच्या फोनवरून कळलं. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा हे तू सांगशीलच. 2017 साली यवतमाळकडे फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हापासून ते सगळेच सांगतात, आणि सांगायलाच हवं. विहिरीचा विषय मात्र कोणी काढत नाही. तू काढ.

तुमचा सिल्लोडचा भाग मक्याचा, म्हणजे ॲट्राझिन आलंच. तण उगवायच्या आत, जमिनीत ओल असताना मारायचं तणनाशक. नेमकं विहिरींना पाणी येतं तेव्हाच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) त्याची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे. मजुरांसमोर हिशोबच मांड: 50 टक्के भुकटीतला 1 ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, अडीच लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन पोचवतो. गावची टाकी 50 हजार लिटरची धरली तर अशा पाच टाक्या. आणि पाणी उकळून ते जात नाही.

शेतात पडलेलं औषध माती थोडंफार धरून ठेवते, जिवाणू हळूहळू मोडतात. विहिरीच्या काठावर सांडलं तर मध्ये काहीच नाही. खाली भेगाळलेला काळा पाषाण, पाणी चटकन उतरतं. तरी मजूर काठावरच पंप भरतात, कारण मजुरी पंपामागे मिळते आणि लांबून पाणी आणण्यात गेलेला वेळ त्यांच्याच खिशातून जातो. म्हणून आधी मालकांना गाठ. पाण्याचा ड्रम बांधावर पोचवणं हे त्यांचं काम. एवढं पदरात पाडून घेतलंस तर निम्मं प्रशिक्षण झालं असं मी धरीन.

वर्ग ग्रामपंचायतीत घेऊ नकोस. तिथे चहा होतो आणि फोटो निघतात. शेतात घे. औषधाच्या रिकाम्या बाटलीत नव्हे, साध्या पाण्याच्या बाटलीत कपड्यांची दाट नीळ कालव आणि म्हण, हे औषध समजा, पंप भरा. झाकणाने मापताना, ओतताना, ढवळताना निळे थेंब दगडावर, चपलेवर, पंपाच्या पट्ट्यावर कुठे कुठे पडतात ते त्यांचं त्यांनाच दिसू दे. मग रिकामी बाटली तीनदा विसळायला लाव, पाणी दर वेळी पंपातच. पहिलं पाणी केवढं निळं निघतं ते बघितल्यावर बाटली नाल्यात भिरकावताना हात जरा अडखळेल.

मोटारीचा पाइप पंपाच्या तोंडात बुडवू देऊ नकोस. वीज गेली आणि फूटव्हॉल्व्ह गळका असला, की पंपातलं औषध उलटं विहिरीत ओढलं जातं. पाइप वीतभर वर धरायचा. पंप धुतलेलं पाणी त्याच शेतात फवारायचं, गुरांच्या हौदाजवळ पंप न्यायचाच नाही.

हे सगळं पेरणीच्या आधी उरकून घे. एकदा पाऊस लागला की तुझं ऐकायला कोणी थांबणार नाही.

तुझा,
मामा