अंगठा : सही की ठेंगा?

मित्रांनो, 'अंगठा दाखवणे' म्हणजे काय, हे घरी आजीला विचारून बघा. ऐन वेळी नकार देणे, म्हणजेच ठेंगा दाखवणे! आणि 'अंगठा उठवणे'? ज्याला लिहिता येत नाही त्याची ती सही. कागदावर 'निशाणी डावा अंगठा' असं लिहिलं की व्यवहार पक्का. इंटर्नशिपच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये आपण दिवसाला दहा वेळा जो अंगठा वर करतो, तो यातला नेमका कुठला? नोकरीला लागण्याआधी याचा विचार केलेला बरा.

थोडा इतिहास

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि परळ-लालबागचे भोंगे गप्प झाले. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन या प्राध्यापकाने सुचवलं, की गंमतीने लिहिलेल्या मजकुरापुढे कोलन, आडवी रेघ आणि कंस टाकावा. कारण साधं होतं. संगणकावरचा विनोद लोक खरा धरून बसत होते. १९९९ साली जपानच्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रं तयार केली, प्रत्येक फक्त १२ × १२ ठिपक्यांचं. २०१० साली युनिकोडने इमोजींना जगभर चालणारे क्रमांक दिले.

म्हणजे चॅटमध्ये आपण चित्र पाठवतच नाही! जातो तो एक क्रमांक. अंगठ्याचा क्रमांक १,२८,०७७, यूटीएफ-८ मध्ये चार बाइट. चित्र काढतो तो समोरच्याचा फोन, आणि अर्थ काढतं ते समोरच्याचं डोकं. पहिल्या भागासाठी प्रमाणक आहे, दुसऱ्यासाठी नाही. सगळी गोची तिथेच आहे.

कोर्टात गेलेला अंगठा

कॅनडात २०२१ साली एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो एका शेतकऱ्याला मोबाईलवर पाठवला आणि करार पक्का करा असं लिहिलं. शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला, माल मात्र दिला नाही. "करार मिळाला, एवढंच मला म्हणायचं होतं," अशी त्याची बाजू. पण २०२३ साली कोर्टाने तो अंगठा सही मानला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई लावली. याउलट २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण होतं. एका अधिकाऱ्याच्या हत्येच्या मेसेजखाली त्याने अंगठा टाकला म्हणून त्याची नोकरी गेली होती. तिथे कोर्ट म्हणालं, की हा 'ओके'सारखा आहे, हत्येचा आनंद नव्हे. अंगठा तोच, पण संदर्भ बदलला की निकाल बदलला.

दलाल स्ट्रीटचा धडा

आपल्या मुंबईला ही भानगड नवी नाही. १९९५ साली 'बोल्ट' ही संगणक प्रणाली येईपर्यंत शेअर बाजाराच्या रिंगणात दलाल ओरडून आणि हातवारे करून सौदे ठरवत. त्या गलक्यात हाताची खूणच उपयोगी. पण नुसत्या खुणेवर कोणी घरी जात नसे, सौदा वहीत टिपला जाई. खूण झटपट, नोंद पक्की, हे सूत्र आजही लागू आहे.

मग मीटिंगमध्ये काय करावं?

१. माइक बंद असेल तेव्हा इमोजी जरूर वापरा. गिरगावच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत मागे कुकरच्या शिट्ट्या होत असताना बोलण्यापेक्षा टाळ्यांचं चित्र केव्हाही बरं. काळ्या चौकोनांकडे बघत बोलणाऱ्यालाही तेवढाच धीर येतो.

२. प्रश्न असेल तर 'हात वर' वापरा. झूममध्ये साधी रिअ‍ॅक्शन काही सेकंदांत नाहीशी होते, हात मात्र आपण किंवा होस्टने खाली घेईपर्यंत दिसत राहतो.

३. तारीख, पैसा, जबाबदारी यांवर नुसता अंगठा नको. "शुक्रवारपर्यंत जमेल ना?" असं विचारलं तर तोंडाने बोला किंवा चॅटमध्ये लिहा : "डिझाइन शुक्रवारी देतो, टेस्टिंगला सोमवार लागेल." नाहीतर तुमचं 'ऐकलं' हे त्यांच्या लेखी 'कबूल' होतं, आणि शुक्रवारी रात्री हॉस्टेलवर जागरण तुमचंच!

४. कोणी अडखळलं, कोणाची नोकरी गेली किंवा वाईट बातमी आली, तर हसरे चेहरे बंद. तिथे दोन शब्दच हवेत.

५. मीटिंग तुम्ही घेत असाल तर सुरुवातीलाच सांगून टाका, की अंगठा म्हणजे 'ऐकलं', 'मान्य' असेल त्याने तसं लिहावं. दहा सेकंदांचं काम आहे.

थोडक्यात काय, तर नवीन माणसाला मोठ्यांसमोर 'नाही' म्हणणं जड जातं, म्हणून तो अंगठा दाखवून मोकळा होतो. पुढे काम झालं नाही की त्याच अंगठ्याचा ठेंगा होतो आणि नाव खराब होतं. तेव्हा मंडळी, जमणार नसेल तर आधीच सांगा. त्यासाठी युनिकोडची गरज नाही.