शंकूची उंची कोणती?

शंकूचे घनफळ काढताना आमच्या अभ्यासिकेतील नववी-दहावीची मुले वर्षानुवर्षे एकच चूक करीत आली आहेत. लंब उंचीच्या जागी ती तिरकस उंची घालतात. त्रिज्या ५, लंब उंची १२ आणि तिरकस उंची १३ सेंमी असलेल्या शंकूचे घनफळ ३१४ घनसेंमी यावयास हवे (पाय ३.१४ धरून), १३ घातले की ते ३४० येते. सूत्र पाठ असूनही गुण जातात आणि मूल म्हणते, "सर, गणित आपल्याला जमणार नाही." आमच्या मते दोष मुलाचा नाही. फळ्यावरचा शंकू सपाटच. त्याच्या पोटातला लंब दिसणार कसा?

म्हणून आम्ही विहाराच्या सभागृहात ऑगमेंटेड रिअॅलिटीचा आधार घेतला. समोरच्या खऱ्या जागेवर संगणकाने काढलेली आकृती उभी असल्याचे दाखविणे, एवढाच याचा अर्थ. २००० च्या सुमारास व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात भूमितीसाठी हे प्रयोग झाले, ते डोक्यावर घालावयाच्या महागड्या उपकरणांनिशी. आज जिओजेब्रा हे विनामूल्य ॲप स्मार्टफोनवर हे काम करते. मात्र प्रत्येक फोनवर ही सोय चालत नाही.

पायाचा मध्य (०,०,०), शिरोबिंदू (०,०,१२) आणि त्रिज्या ५ देऊन शंकू काढावा. मध्य, शिरोबिंदू व कडेवरील बिंदू (५,०,०) रेषाखंडांनी जोडावेत. मग फोन जमिनीकडे धरून सावकाश फिरवावा. चकचकीत एकरंगी फरशीवर फोन अडखळतो. नक्षीची सतरंजी अंथरावी. (हे उमगेपर्यंत आमचा पाऊण तास गेला!)

शंकू उभा राहिला की मुलांनी त्याच्याभोवती फिरावे. आतला काटकोन त्रिकोण सर्व बाजूंनी दिसतो: २५ अधिक १४४ म्हणजे १६९. नंतर फोन बरोबर शिरोबिंदूच्या वर धरावा. लंब आकसून ठिपका होतो, तिरकस रेषा मात्र त्रिज्येवर आडवी पडलेली दिसते. दोन्ही उंची एक नव्हेत, हे सांगण्याची गरज उरत नाही.

फोन बहुधा एकच असतो व तो चटपटीत मुलांच्याच हाती जातो. मागे उभ्या राहणाऱ्या मुलींकडे आम्ही तो प्रथम देतो. घनफळातील एक-तृतीयांश मात्र फोनपेक्षा पुठ्ठ्याने बरे कळते: समान पाया व उंचीच्या शंकूने वृत्तचितीत तीनदा वाळू ओतावी.

विद्यार्थ्यांसाठी उदाहरण: त्रिज्या ८ सेंमी, तिरकस उंची १७ सेंमी. लंब उंची आधी वहीत काढा, मग शंकू सतरंजीवर उभा करून पडताळा.