‘आयुष्मान’ : एका बौद्ध उपाधीचा अर्थ आणि प्रवास

‘आयुस्’ या शब्दाला ‘मत्’ हा मत्वर्थीय प्रत्यय लागून ‘आयुष्मान’ सिद्ध होतो, अर्थ, दीर्घायुषी. परंतु केवळ व्युत्पत्तीवर विसंबल्यास या उपाधीचे मर्म हाती लागत नाही. पालीत या एकाच शब्दाची दोन रूपे रूढ झाली : नावाआधी योजले जाणारे ‘आयस्मा’ आणि संबोधनात झिजून झालेले ‘आवुसो’. मूळ एक, अर्थही एक. दर्जा मात्र भिन्न.

बोधिप्राप्तीनंतर बुद्ध इसिपतनास आले, तेव्हा पंचवर्गीय भिक्खूंनी त्यांना नावाने व ‘आवुसो’ म्हणून संबोधले. तथागताला असे संबोधू नये, असे बुद्धांनी त्यांना बजावले. ही हकीकत मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात आली आहे. ‘आवुसो’ हा शब्द अवमानकारक खासच नव्हता. तो बरोबरीचा होता, एवढेच. बुद्धांच्या हयातीत भिक्खू परस्परांना, थोर-लहान न पाहता, ‘आवुसो’च म्हणत. महापरिनिब्बानसुत्तातील अखेरच्या उपदेशात ही रीत बदलली आहे. आपल्या पश्चात ज्येष्ठ भिक्खूने कनिष्ठाला नावाने, गोत्राने अथवा ‘आवुसो’ म्हणून संबोधावे. कनिष्ठाने ज्येष्ठाला ‘भंते’ किंवा ‘आयस्मा’ म्हणावे, असा तो दंडक. ही ज्येष्ठता कुळाची नव्हे, वयाचीही नव्हे. ती उपसंपदेपासून मोजावयाची. शास्त्याच्या अभावी संघाला अंतर्गत मर्यादेची गरज भासणार, ही जाणीव या बदलामागे असावी. एकाच शब्दाची दोन रूपे त्यामुळे एकाच शिडीच्या दोन टोकांना गेली. उपाधीची उंची तिच्या धातूत नसते, कोण कोणास म्हणतो यात असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. (संस्कृत नाटकात सूत रथारूढ राजाला ‘आयुष्मन्’ म्हणतो, तेथे नाते आणखी निराळे.)

नागपूर येथील 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातील बौद्ध समाजात या उपाधीला नवे आयुष्य लाभले. भिक्खूंसाठी ‘भदंत’ व ‘भंते’ राहिले; ‘आयुष्मान’ मात्र गृहस्थाकडे आले. पाली वाङ्मयात ‘आयस्मा’ ही प्रामुख्याने भिक्खूची उपाधी. ‘आयस्मा आनंद’, ‘आयस्मा सारिपुत्त’ अशी ती येते. मराठीत ती सभेच्या निमंत्रणापासून लग्नपत्रिकेपर्यंत ‘आयु.’ या संक्षेपाने कोणाही उपासकाच्या नावामागे लागते. स्त्रियांसाठी रूढ झालेले ‘आयुष्यमती’ हे रूप संस्कृत व्याकरणाला मान्य नाही. तेथे ‘आयुष्मती’ हवे. परंतु ते मराठीतील ‘आयुष्य’ या शब्दावरून घडले आहे आणि त्याला अशुद्ध ठरवून बाजूस सारणे भाषाभ्यासकास शोभणारे नाही.

रूढ पत्रिकेत धाकट्यास ‘चि.’ आणि वडीलधाऱ्यास ‘श्री.’ अशी वाटणी असते. अनेक बौद्ध पत्रिकांत मात्र नातू व आजोबा दोघेही ‘आयु.’च असतात, महापरिनिब्बानापूर्वीच्या ‘आवुसो’ची बरोबरी येथे, नकळत का होईना, परतली आहे. आजोबा हयात नसतील, तर ‘आयु.’ गळते आणि त्या जागी ‘कालकथित’ येते.