पडद्यावरचे कैलास

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळची लेणी आहेत. त्यांतील २१ व्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळत बसल्याचे एक शिल्प आहे. देवांनाही खेळावाचून करमत नाही, असेच जणू त्या शिल्पकाराला सुचवावयाचे होते! याच परिसरातील मुले आज निराळाच पट मांडतात. तो अंगणात मांडला जात नाही. तो पडद्यावर असतो आणि गडी आपापल्या घरी बसलेले असतात.

अशा खेळास आभासी जग म्हणतात. प्रत्यक्षात नसलेले, परंतु इंटरनेटच्या योगाने अनेकांना एकाच वेळी दिसणारे आणि त्यांना आत वावरू देणारे असे ते जग. २००५ साली कॅनडातील केलोना येथे ‘क्लब पेंग्विन’ नावाचे असेच एक जग मुलांसाठी उघडण्यात आले. त्यात प्रत्येक मुलाने पेंग्विन पक्ष्याचे रूप घ्यावयाचे, बर्फाचे घर सजवावयाचे आणि मित्रांच्या घरी जावयाचे. बोलण्यावर देखरेख असे. काही मुलांना तर आधीच तयार केलेली वाक्ये तेवढी वापरता येत. तेथे एक हिमखंड होता. पुष्कळ पेंग्विन एका कडेला जमून नाचले, तर तो उलटेल, अशी मुलांची समजूत होती. वर्षानुवर्षे मुले त्यावर नाचली, पण तो ढिम्म हलला नाही. २०१७ च्या आरंभी, खेळ बंद होणार हे ठरल्यावर, चालकांनी तो एकदाचा उलटू दिला. त्याच वर्षीच्या मार्चअखेर ते जग मिटले. घरे, सामान, जमविलेली नाणी, सर्वच गेले; कारण ते मुलांपाशी नव्हतेच, कंपनीच्या यंत्रांवर होते.

‘माइनक्राफ्ट’ हा खेळ त्याहून वेगळ्या घडणीचा आहे. २००९ साली स्वीडनमध्ये तो प्रथम लोकांपुढे आला. यातील माती, दगड, लाकूड, सारे काही ठोकळ्यांचे. प्रत्येक ठोकळा १ मीटर लांब, रुंद आणि उंच मानलेला. ठोकळा फोडावा आणि हवा तेथे बसवावा, एवढाच त्याचा मूळ नियम. परंतु त्यातून काय काय उभे राहते, याला सुमार नाही. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने याच खेळाच्या साहाय्याने निरनिराळ्या देशांतील नागरिकांकडून त्यांच्या वस्तीतील मोकळ्या जागांचे आराखडे करून घेतले आहेत.

आता अशी कल्पना करू, की सिडकोतील चार मित्रमैत्रिणींनी या खेळात वेरूळचे कैलास लेणे उभारण्याचे मनावर घेतले. सुटी लागली आहे, बाहेर उन्हाचा कहर आहे. तेव्हा घरच्यांनीही तासभराची परवानगी दिली. मुलांनी सपाट जमीन निवडली आणि पायापासून काम आरंभिले. आधी जोते, मग हत्तींची रांग, मग भिंती. चार दिवसांनी देऊळ उभे राहिले खरे, पण ते कोणत्याही गावच्या देवळासारखे दिसू लागले. कैलासाचा भास त्यात कोठेही नव्हता.

थोरली मुलगी म्हणाली, “अरे, कैलास बांधलेले नाहीच मुळी. ते खोदलेले आहे!”

खरी गोष्ट तीच होती. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीशी ज्याचा संबंध जोडला जातो, ते हे मंदिर एकाच डोंगराच्या काळ्या खडकातून वरून खाली कोरीत आणलेले आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त याविषयी एक आख्यायिका आहे. शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही, असा राणीने नेम केला. इतर कारागिरांनी महिने मागितले. कोकस नावाच्या कारागिराने मात्र शिखरापासूनच आरंभ केला आणि राणीचा उपास आठवड्यात सुटला. हा इतिहास नव्हे. पण कामाची दिशा लोकांनी किती अचूक ध्यानात ठेवली होती, हे त्यावरून कळते.

मुलांनी नवा डोंगर शोधला. कैलासाचा खड्डा सुमारे ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद आणि मागील बाजूस सुमारे ३३ मीटर खोल. म्हणजे एका थराचेच जवळजवळ ४,००० ठोकळे! त्यांतून मंदिराचा भाग राखून उरलेले काढावयाचे. चौघांनी चार बाजू वाटून घेतल्या. काम रंगात आले असता धाकट्याने घाईघाईने शिखराचा कोपराच फोडून टाकला. मुलगी संतापली, “तुला आत येऊच द्यायला नको होते,” असे बोलून गेली. धाकटा खेळ सोडून निघून गेला. पडद्यावर तीनच आकृती उरल्या.

खेळात गेलेला ठोकळा क्षणात परत बसविता येतो. वेरूळच्या पाथरवटास ही सवलत नव्हती. त्याचा एक टवका गेला की तो कायमचा गेला. मुलीने कोपरा बसविला, पण त्या बाजूचे काम पुढे सरकेना. दोन दिवसांनी तिने धाकट्याच्या घरी जाऊन दार ठोठावले. “तुझी बाजू तशीच आहे. कोणी हात लावलेला नाही,” एवढेच ती म्हणाली. त्यानेही मग एक गोष्ट सुचविली: “ताई, आधी एकदा खरे कैलास पाहून येऊ या.”

रविवारी चौघे वडीलधाऱ्यांबरोबर वेरूळला गेले. लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढणाऱ्या वाटेवरून त्यांनी खाली पाहिले. मंडपाचे जे छत त्यांनी सपाट सोडून दिले होते, त्यावर फुललेले कमळ होते आणि चार सिंह उभे होते. धाकट्याने वहीत त्यांच्या जागा टिपून घेतल्या. घरी आल्यावर प्रथम तेच काम हाती घ्यावयाचे ठरले; परंतु सिंहाची आयाळ एक मीटरच्या ठोकळ्यात कशी बसवावी, हा वाद परतीच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला दिसू लागला तरी मिटला नव्हता.