लेकीचा मुक्काम लांबला, म्हणून जावयाचा अर्ज अडेल का?

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई न्यू जर्सीत असतात. जावई एच-१बी व्हिसावर नोकरीला, मुलगी एच-४ वर. कंपनीने जावयाची मुदत वाढवून घेतली. मुलीच्या कागदावर मात्र अलीकडची तारीख होती, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. मुदत संपून चार महिने झाल्यावर कळलं आणि ती इकडे निघून आली. आता जावयाच्या ग्रीन कार्डाचं काम सुरू आहे. श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला आलेले एक पाहुणे म्हणाले, अशा माणसावर दहा वर्षांची बंदी येते. दुसरे म्हणाले, नवऱ्याला ग्रीन कार्ड मिळालं की बायकोचं सगळं माफ होतं. यातलं खरं काय? आणि तिच्यामुळे जावयाचा अर्ज अडेल का? – एक वाचक, येडशी (जि. धाराशिव)

उत्तर : तुमच्या मनात एकात एक गुंतलेल्या तीन शंका आहेत. मुलीची चूक केवढी, तिच्यावर बंदी येते का, आणि ती नवऱ्याच्या अर्जाला भोवते का. आधी धीर देणारी गोष्ट सांगतो. चार महिन्यांच्या जादा मुक्कामावर दहा वर्षांची बंदी येत नाही, तीन वर्षांचीही येत नाही, आणि जावयाचा अर्ज तिच्यामुळे अडत नाही. पण दुसऱ्या पाहुण्यांचं ‘सगळं माफ’ हेही तुमच्या घराला लागू नाही. का, ते क्रमाने पाहू.

पहिला घोटाळा तारखेचा. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा ही दारात उभं राहण्याची परवानगी. किती दिवस राहायचं, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत चढते. व्हिसावर २०२८ साल असलं आणि आय-९४ वर २०२६ असलं, तर २०२६ खरं. तुमच्या मुलीच्या बाबतीत काय झालं असावं, याचाही अंदाज बांधता येतो. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल, तर अधिकारी अनेकदा आय-९४ ची तारीख पासपोर्टच्या शेवटच्या दिवसापर्यंतच देतो. मग एकाच विमानातून उतरलेल्या नवरा-बायकोच्या तारखा वेगळ्या पडतात. जावयाचा पासपोर्ट नवा, मुलीचा जुना, एवढं कारण पुरतं.

दुसरा घोटाळा अर्जाचा. कंपनी नोकरदारासाठी आय-१२९ हा अर्ज करते. त्यात बायको-मुलं आपोआप येत नाहीत. त्यांच्यासाठी आय-५३९ हा वेगळा अर्ज लागतो. एच-४ चा दर्जा नवऱ्याच्या एच-१बी वर उभा असतो हे खरं, पण तारीख प्रत्येकाची स्वतःची असते. नवऱ्याचं वाढलं म्हणजे आपलंही वाढलं, या समजुतीने पुष्कळ घरं अडचणीत येतात. आय-५३९ मुदतीच्या आत टाकलेला असेल, तर निर्णय येईपर्यंत त्या दिवसांचा बेकायदा मुक्काम मोजत नाहीत. मुदत टळून गेल्यावर टाकलेला अर्ज अधिकारी स्वीकारू शकतो, पण उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे पटवावं लागतं.

आता बंदी. हा नियम अमेरिकन संसदेने १९९६ साली केला आणि मोजणी १ एप्रिल १९९७ पासून सुरू झाली. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत असेल आणि माणूस आपणहून देश सोडून गेला, तर तीन वर्षं परत येता येत नाही. मुक्काम एक वर्ष किंवा त्याहून जास्त असेल, तर दहा वर्षं. १८० दिवसांपर्यंत यातली कोणतीही बंदी नाही. वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीचे दिवस मोजत नाहीत. तुमच्या पहिल्या पाहुण्यांनी वर्षभर राहिलेल्याचा नियम चार महिने राहिलेलीला लावला, एवढीच गफलत.

या बंदीची एक अजब गोष्ट लक्षात ठेवा. ती राहण्याने लागू होत नाही, निघण्याने होते. जादा राहिलेला माणूस अमेरिकेत असेपर्यंत तीन किंवा दहा वर्षांचं कलम नुसतं वाट पाहत असतं, आणि तो विमानात बसला की सुरू होतं. म्हणून सात-आठ महिने उलटलेल्याने घाईने तिकीट काढू नये, आधी वकिलाला विचारावं. तुमची मुलगी १८० दिवसांच्या आत निघाली, हे तिच्या पथ्यावर पडलं. पण ‘चार महिने’ हे तोंडी उत्तर पुरत नाही. आय-९४ च्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून निघाल्याच्या दिवसापर्यंत दिवस मोजा. अमेरिका बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाही. त्यामुळे बोर्डिंग पास आणि मुंबई किंवा हैदराबादला उतरल्यावर आपल्या इमिग्रेशनने मारलेला आगमनाचा शिक्का हाच तुमचा पुरावा. ते पान स्कॅन करून ठेवा. पुढे पासपोर्ट बदलला, तरी जुना टाकू नका.

बंदी नाही म्हणजे परिणामच नाही, असं मात्र नव्हे. आय-९४ ची तारीख एक दिवसाने जरी ओलांडली, तरी त्या प्रवेशासाठी वापरलेला व्हिसा रद्द ठरतो, त्यावर पुढची कितीही वर्षं छापलेली असोत. पुढचा व्हिसा स्वतःच्या देशातूनच घ्यावा लागतो. मुलगी भारतात आहे, तेव्हा ही अट तिला जड नाही. जुना व्हिसा दाखवून विमानात बसायला जाऊ नये, नवा एच-४ मागावा.

आता दुसऱ्या पाहुण्यांच्या ‘सगळं माफ’कडे वळू. ही समजूत हवेतून आलेली नाही. ज्याचा जोडीदार अमेरिकेचा नागरिक आहे, जो रीतसर तपासणी होऊन देशात शिरला होता आणि अजून अमेरिकेतच आहे, त्याला मुदत उलटलेली असली तरी तिथल्या तिथे ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. ग्रीन कार्डधारकाच्या बायकोला ही सवलत नाही. जावईबापूंना ग्रीन कार्ड मिळेल तेव्हा ते कायमचे रहिवासी होतील, नागरिक नव्हेत. त्यासाठी साधारणपणे आणखी पाच वर्षं लागतात. कुणा नातेवाइकाचं काम नागरिक जोडीदारामुळे झालं असेल, तर तो दाखला तुमच्या घराला लावून चालणार नाही.

तरीही तुमच्या मुलीचा रस्ता मोकळा आहे. जावयाचा अर्ज नोकरीतून आहे. अशा अर्जात बायको ‘आश्रित’ म्हणून सोबत येते. ती नव्या एच-४ वर रीतसर परत गेली, तर अमेरिकेत ग्रीन कार्डाचा अर्ज करताना शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरची वागणूक पाहतात. त्या काळातल्या चुका एकूण १८० दिवसांपर्यंत असल्या, तर नोकरीच्या वर्गातल्या अर्जदाराला आणि त्याच्या आश्रितांना अर्ज करता येतो. मागच्या मुक्कामातले चार महिने यात धरत नाहीत. ती भारतातच राहिली, तर जावयाच्या मंजुरीनंतर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत तिची मुलाखत होऊ शकते. फक्त नंबर लागायला वेळ लागतो. नोकरीच्या वर्गातली ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,००० असतात, त्यात बायका-मुलंही धरलेली असतात, आणि एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीयांची रांग लांबते ती यामुळे, तुमच्या मुलीच्या चार महिन्यांमुळे नव्हे.

जावयाचा अर्ज अडेल का, याचं उत्तर आता सोपं आहे. मुक्कामाचा हिशेब ज्याचा त्याच्या खात्यावर असतो. बायकोचे जादा दिवस नवऱ्याच्या खात्यात जमा होत नाहीत. उलट दिशेने मात्र जपायला हवं. जावयाचा एच-१बी चा दर्जा गेला, तर त्यावर उभा असलेला मुलीचा एच-४ ही जातो. एक वेगळी शंकाही बरेच जण विचारतात. नवरा पूर्वी कधी जादा राहिला होता, आता तो नागरिक आहे आणि बायकोला बोलावतो आहे. त्याचे जुने दिवस तिच्या अर्जाला बाधत नाहीत. त्याने स्वतःचं ग्रीन कार्डच खोटी माहिती देऊन मिळवलं असेल, तर ती गोष्ट निराळी.

१८० दिवस ओलांडलेल्यांना मार्गच नाही, असंही समजू नये. ग्रीन कार्डासाठी आय-६०१ हा माफीचा अर्ज असतो. त्यात नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला वा आई-वडिलांना कमालीचा त्रास होईल, हे कागदोपत्री दाखवावं लागतं. आजारपणाचे अहवाल, उत्पन्न, कुणाची देखभाल कोण करतं, हे सगळं त्यात येतं. मुलांचा त्रास थेट धरत नाहीत. ती ओढाताण आई किंवा वडिलांवर कशी येते, ते मांडावं लागतं. तात्पुरत्या व्हिसासाठी वेगळी सवलत मागता येते.

तुमच्यासाठीही एक सूचना. मुलीच्या बाळंतपणाला पुढे तुम्ही दोघं गेलात, तर व्हिसा दहा वर्षांचा असेल, पण विमानतळावर राहायला बहुधा सहा महिनेच मिळतील. सहा महिन्यांना एक दिवसही वर जाऊ देऊ नका. विद्यार्थ्यांची रीत निराळी. त्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी ‘डी/एस’ असेल, तर अभ्यासक्रम आणि नियम पाळले जाईपर्यंत राहता येतं, आणि बेकायदा दिवसांची मोजणी अधिकाऱ्याने किंवा न्यायाधीशाने तसा ठपका ठेवल्यावर सुरू होते. विद्यार्थ्यांनाही ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला गेला, म्हणून भाच्याने-पुतण्याने आपल्या नोंदीवर काय आहे ते स्वतः वाचावं.

सर्वांत महत्त्वाचं शेवटी सांगतो. व्हिसाच्या अर्जात सरळ प्रश्न असतो की दिलेल्या मुदतीहून जास्त राहिला होता का. तिथे ‘होय’ लिहायचं आणि खाली दोन ओळींत कारण द्यायचं : पासपोर्टमुळे तारीख अलीकडची पडली, लक्षात येताच देश सोडला. एखादा एजंट ‘नाही’ लिहा म्हणेल, कुणाला कळतंय असं सांगेल. ऐकू नका. विमान कंपन्यांच्या नोंदींवरून अमेरिकेला येण्या-जाण्याच्या तारखा कळतात. चार महिन्यांच्या मुक्कामावर बंदी नाही, पण महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली तर त्या माणसाला कायमचा प्रवेश नाकारता येतो.

तेव्हा या आठवड्यात मुलीला आणि जावयाला एवढं करायला सांगा. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर घरातल्या प्रत्येकाचं आय-९४ काढायचं. मुदत अमेरिकेत राहून वाढवून घेतली असेल, तर नवं आय-९४ आय-७९७ या मंजुरीपत्राच्या खालच्या भागात असतं, तेही पाहायचं. प्रत्येकाच्या नावापुढे मुदतीची आणि पासपोर्ट संपण्याची तारीख लिहायची, आणि नव्या एच-४ चा अर्ज भरण्याआधी हे कागद कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला दाखवायचे. कंपनीचा वकील कंपनीचं काम पाहतो, तुमच्या मुलीची तारीख पाहणं ही त्याची जबाबदारी असेलच असं नाही.