उदगीर ते पानिपत : एक रेषा

आपल्या गांवचा किल्ला आपण नित्य पाहतों. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं याच परिसरांत सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या सैन्याचा पराभव केला. आणि पुरतें वर्ष लोटण्यापूर्वींच, १४ जानेवारी १७६१ रोजीं, ते पानिपतावर पडले. हे दोन्ही दिवस आम्हीं पूर्वीं घोकून पाठ केले होते. परंतु मधल्या काळाचें मर्म एक रेषा काढली तेव्हां कळलें.

चौकटींचा कागद घ्यावा. आडव्या ओळीवर काळ मांडावा. एक घर म्हणजे एक महिना. उभ्या ओळीवर उदगीरपासून उत्तरेकडील अंतर मांडावें. एक घर म्हणजे १०० किलोमीटर. उदगीर, दिल्ली व पानिपत हीं तिन्ही स्थळें सुमारें ७७ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळें हें मोजमाप सोपें जातें.

आतां बिंदू द्यावे. मार्चच्या मध्यास परतूर, अंतर सुमारें १३०. ऑगस्टच्या आरंभीं दिल्ली, ११४०. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा, १२६०. नोव्हेंबरच्या आरंभीं पानिपत, १२२०. आणि १४ जानेवारीसही पानिपतच.

बिंदू जोडले म्हणजे रेषा बोलूं लागते. जेथें चढ अधिक, तेथें वेग अधिक. परतूर ते दिल्ली हें सुमारें १००० किलोमीटरांचें अंतर १४० दिवसांत तुटलें. म्हणजे दिवसास सरासरी सातच किलोमीटर! तोफा, बाजारबुणगे, यात्रेकरू व बायकामुलें यांसह चालणाऱ्या सैन्याची गति अशीच असावयाची. पुढें दिल्लीस रेषा आडवी होते, कारण पावसाळा होता व यमुना दुथडी भरली होती. कुंजपुऱ्यानंतर ती खालीं वळते. कारण अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून भाऊ व दिल्ली यांच्यामध्यें आला होता.

शेवटीं रेषा अडीच महिने पुन्हां आडवी. वर्गांत एकानें विचारिलें, “येथें सैन्य विसावा घेत होतें काय?” नाहीं, बाळांनो! रसद तुटली होती. माणसें व जनावरें उपाशी मरत होतीं. दोन्ही आडव्या रेषा दिसण्यांत सारख्या, पण अर्थ किती भिन्न!

मिनार नामक फ्रेंच अभियंत्यानें १८६९ सालीं नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरील स्वारीचें चित्र काढिलें. त्यांत पट्ट्याची जाडी म्हणजे माणसांची संख्या. जातांना ४,२२,०००; परततांना १०,०००. उपासमार व थंडी यांचा परिणाम तेथें डोळ्यांनीं दिसतो.

रेषा प्रश्न कोठें विचारावा तें दाखविते. उत्तर मात्र आपणच शोधावें लागतें. सुटींत आगगाडीनें प्रवास कराल तेव्हां स्थानकें व वेळा टिपून अशीच एक रेषा काढा, आणि ती कोठें व कां आडवी झाली, हें वडिलांस समजावून सांगा.