काचेतला निळा प्रकाश



चर्चची रंगीत काच बाहेरून पाहिली तर काळपट दिसते. आत येऊन उभे राहावे, तेव्हाच तिचे चित्र होते. संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्याला पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज अशा तीन अटी घातल्या आहेत. सेमिनरीत आम्ही त्या पाठ केल्या. पण ‘तेज’ म्हणजे काय, हे परीक्षेपुरतेच कळले होते.

चित्रकार मार्क शागाल यांचा जन्म १८८७ साली आजच्या बेलारूसमधील विटेब्स्क येथे, ज्यू कुटुंबात झाला. खिडक्यांच्या कामाकडे ते वळले तेव्हा वय सत्तरीच्या घरात होते! फ्रान्समधील काचकारागीर शार्ल मार्क (नावांचा घोळ होऊ देऊ नये) यांनी त्यांना साथ दिली. एका काचेवर दुसऱ्या रंगाच्या काचेचा पातळ थर असे. तो आम्लाने कमीअधिक झिजवला की एकाच तुकड्यात गडद-फिक्या छटा उमटत, प्रत्येक छटेला शिशाची नवी पट्टी लागत नसे. मग शागाल स्वतः काचेवर काळ्या रंगाने रेखाटन करीत.

१९७३ मध्ये जर्मनीतील माइन्ट्स शहरातून त्यांना पत्र गेले. लिहिणारे होते सेंट स्टीफन चर्चचे प्रमुख धर्मगुरू क्लाउस मायर. महायुद्धातील बॉम्बफेकीत त्या चर्चची फार हानी झाली होती. पण शागाल यांना नाझींमुळेच १९४१ मध्ये फ्रान्स सोडून अमेरिकेला जावे लागले होते. त्यांनी जर्मनीतील चर्चसाठी खिडक्या का कराव्यात? होकार लगेच आला नाही. फादर मायर यांचे वडीलही ज्यू होते. त्या संकोचामागचे दुःख त्यांना परके नसणार. त्यांनी विनंती सोडली नाही. (आम्ही धर्मगुरू मंडळी एका पत्राला उत्तर आले नाही की फाइल बंद करतो!)

१९७८ मध्ये पहिली खिडकी बसली, तेव्हा शागाल ९१ वर्षांचे होते. तिच्यात त्यांनी जुना करार आणला: अब्राहम, याकोबाचे स्वप्न, मोशे. ज्यू आणि ख्रिस्ती, दोघांचेही हे पूर्वज. १९८५ साली ९७व्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांनी या चर्चसाठी ९ खिडक्या केल्या. माइन्ट्सला मात्र ते कधी गेले नाहीत.

उरलेल्या खिडक्या पुढे शार्ल मार्क यांनी केल्या. त्यांत माणसे नाहीत, प्रसंग नाहीत. मित्राच्या चित्रांशेजारी फक्त शांत निळा रंग आहे.